फ्लोरिनपेक्षा क्लोरिन पुढे कसा?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्मी एकाच गोष्टीवर आहेत, इलेक्ट्रॉन ॲफिनिटी. युनिट टेस्टचा सीझन आहे म्हणून असेल, पण सगळीच पत्रं मुलांची नाहीत, एक तर दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदार दादांचं आहे आणि एक सराफ बाजारातून आलंय. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ, आज हेच.

प्रश्न : मॅडम, मी अकरावी सायन्सला आहे, इंदिरानगरला राहते. आम्हाला शिकवलं की ग्रुपमधे, म्हणजे आवर्तसारणीच्या एका उभ्या रांगेत, वरून खाली येताना अणूची साईझ वाढते म्हणून इलेक्ट्रॉन ॲफिनिटी कमी होते. टेस्टला आलं, सगळ्यात जास्त कोणाची? मी फ्लोरिन लिहिलं तर चुकलं, उत्तर क्लोरिन. विचारलं तर म्हणाले अपवाद आहे, लक्षात ठेव. पण अपवाद का आहे?

उत्तर : बाळा, तू लिहिलेलं उत्तर चुकलं पण तुझा विचार चुकलेला नाही, अर्धा राहिलाय एवढंच. आणि "अपवाद आहे लक्षात ठेव" हे वाक्य मला अजिबात आवडत नाही, कारण इथे कारण इतकं साधं आहे की ते दहा मिनिटांत सांगता येतं आणि मग पाठच करावं लागत नाही.

आधी इलेक्ट्रॉन ॲफिनिटी म्हणजे काय ते नीट धर. एकटा सुटा अणू, वायूरूपात, आजूबाजूला कोणी नाही. त्याला एक जादा इलेक्ट्रॉन दिला. तो इलेक्ट्रॉन तिथे बसला आणि बसताना जेवढी ऊर्जा बाहेर पडली तो हा आकडा. फ्लोरिनचा ३२८ किलोज्यूल प्रति मोल, क्लोरिनचा ३४९, ब्रोमिनचा ३२५, आयोडिनचा २९५. आता हे आकडे परत एकदा बघ. क्लोरिनपासून खाली सगळं तुझ्या नियमाप्रमाणेच चाललंय, ३४९, ३२५, २९५. अडलंय ते फक्त पहिल्या पायरीवर. म्हणजे प्रश्न "नियम का मोडला" हा नाहीच, प्रश्न आहे "फ्लोरिनच्या घरात असं काय आहे की त्याचा आकडा कमी पडतो".

नव्या इलेक्ट्रॉनवर एकाच वेळी दोन गोष्टी होतात. केंद्रक त्याला आत ओढतं, आणि आधीपासून बसलेले इलेक्ट्रॉन त्याला बाहेर ढकलतात. वर्गात आपण पहिलीच गोष्ट शिकवतो, अंतर कमी तर ओढ जास्त, झालं. दुसरी बोलायची राहूनच जाते. फ्लोरिनचं बाहेरचं कवच दुसरं, म्हणजे खूप लहान, आणि त्यात आधीच सात इलेक्ट्रॉन. आठवा येतो तेव्हा ओढ जबरदस्त असते हे खरंच, पण ढकलणारे सातही अगदी अंगाशी असतात. क्लोरिनमधे बाहेर सातच इलेक्ट्रॉन, पण कवच तिसरं. अणूची त्रिज्या फ्लोरिनची ६४ पिकोमीटर आणि क्लोरिनची ९९. हे दिसायला दीडपट वाटतं पण जागा म्हणजे घनफळ, त्रिज्येचा घन, तो काढलास तर साडेतीन पटीहून जास्त येतो. तेवढ्याच सात जणांना साडेतीनपट मोठी खोली. ओढ थोडी कमी झाली पण ढकलाढकली त्याहून जास्त कमी झाली, म्हणून शेवटी हिशोब क्लोरिनच्या बाजूने २१ किलोज्यूलने जास्त निघतो.

तू नाशिकची आहेस म्हणून द्राक्षाचं उदाहरण देते. बागेत विरळणी करतात ते पाहिलं असशील, बारीक कात्री घेऊन बायका घडातले मधले मधले मणी काढतात. का काढतात, तर घड गच्च भरला तर मणी एकमेकांना दाबतात, फुगायला जागा राहत नाही, काही तर आतल्या आत चिरडतात. देठापासून अन्नपाणी सगळ्यांना येतंच असतं, अडचण शेजाऱ्यांची असते. फ्लोरिन म्हणजे न विरळलेला बारका घड. क्लोरिन म्हणजे मोकळा घड. फक्त एवढं लक्षात ठेव की मणी एकमेकांना टेकले तरच दाबतात आणि इलेक्ट्रॉन मात्र न टेकता, लांबूनच ढकलतात, त्यामुळे उदाहरण इथवरच न्यायचं.

मग ब्रोमिनमधे खोली आणखी मोठी, तिथे आकडा अजून वाढायला हवा होता, असं तुझ्या मनात येईलच. यायलाच हवं. पण गर्दीचा त्रास दुसऱ्या कवचाकडून तिसऱ्याकडे जाताना एकदम कमी होतो, त्यानंतर कमी व्हायला फारसं उरतच नाही, आणि अंतर मात्र वाढतच जातं. म्हणून क्लोरिनच्या पुढे तुझा नियम परत गाडी रुळावर आणतो.

प्रश्न : सातपूरला एका कंपनीत लॅबमधे आहे, बीएस्सी होऊन बरीच वर्षं झाली. मुलगी बारावीला आहे, तिने विचारलं की क्लोरिनची इलेक्ट्रॉन ॲफिनिटी जास्त असेल तर सगळ्यात जोरकस ऑक्सिडायझिंग एजंट (दुसऱ्याचे इलेक्ट्रॉन ओढून घेणारा) क्लोरिन पाहिजे, मग फ्लोरिन कसा? मला सांगता आलं नाही आणि वाईट वाटलं.

उत्तर : वाईट वाटून घेऊ नका, प्रश्नच चांगला आहे, मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या.

इलेक्ट्रॉन ॲफिनिटी ही सुट्या अणूची गोष्ट. पण बाटलीत किंवा सिलिंडरमधे सुटा फ्लोरिन अणू नसतो, जोडी असते. आधी जोडी फोडा, मग इलेक्ट्रॉन द्या, मग जो आयन, म्हणजे भार आलेला अणू, झाला तो पाण्यात सोडा, तेव्हा कुठे तुमचा ऑक्सिडायझिंग एजंट काम करून मोकळा होतो. तीन पायऱ्या आहेत आणि आपण मधल्या एकाच पायरीवरून निकाल लावतो म्हणून घोळ होतो.

मुलीला वहीवर असं करून दाखवा. फ्लोरिनची जोडी फोडायला १५८ किलोज्यूल लागतात, क्लोरिनची फोडायला २४२. एका अणूमागे निम्मे धरले तर ७९ आणि १२१. आता फ्लोरिनने ३२८ कमावले, ७९ घातले, उरले २४९. क्लोरिनने ३४९ कमावले, १२१ घातले, उरले २२८. म्हणजे पाण्यापर्यंत पोचायच्या आधीच फ्लोरिन पुढे निघून गेला! आणि पाण्यात तर विचारूच नका, फ्लोराइड आयन एवढासा असल्यामुळे पाण्याचे रेणू त्याला घट्ट धरतात, तिथे त्याला क्लोराइडपेक्षा साधारण सव्वाशे ते दीडशे किलोज्यूल जास्त मिळतात. म्हणून इलेक्ट्रोड पोटेन्शियल, म्हणजे पाण्यात इलेक्ट्रॉन ओढून घ्यायच्या ताकदीचं माप, फ्लोरिनचं २.८७ व्होल्ट आणि क्लोरिनचं १.३६.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगते. फ्लोरिनची जोडी इतकी कच्ची का? तर तेच कारण, लहान अणू आणि बाहेर गच्च इलेक्ट्रॉन. दोन फ्लोरिन जवळ आले की दोघांच्या न वापरलेल्या इलेक्ट्रॉन जोड्या समोरासमोर येऊन ढकलतात. ज्या गर्दीने त्याची ॲफिनिटी कमी केली त्याच गर्दीने त्याची जोडी कच्ची करून ठेवली, आणि त्यामुळेच तो एवढा आक्रमक. हा वायू वेगळा काढायला १८८६ साल उजाडावं लागलं, फ्रान्सच्या आंरी म्वासां यांनी तो काढला आणि १९०६ चं नोबेल त्यांना त्यासाठी आणि त्यांच्या विद्युत भट्टीसाठी मिळालं. क्लोरिन मात्र शेले यांनी १७७४ मधेच तयार केला होता.

प्रश्न : राम राम मॅडम. दिंडोरीकडे आमची बाग आहे. भुरीसाठी आम्ही दरवर्षी गंधक मारतो. मुलाच्या पुस्तकात वाचलं की गंधकाची इलेक्ट्रॉन घ्यायची ओढ ऑक्सिजनपेक्षा जास्त आहे. हे खरं का? आणि गंधक भुरीवर चालतं ते यामुळेच का?

उत्तर : राम राम दादा. आधी दुसऱ्याचं सांगते, नाही, भुरीवर गंधक चालतं ते या आकड्यामुळे नाही. बुरशीच्या पेशीत शिरून तिचा श्वसनाचा व्यवहार बिघडवणं हे त्याचं काम आहे, त्याचा आणि सुट्या अणूच्या ॲफिनिटीचा संबंध लावू नका.

पहिलं मात्र खरं आहे. ऑक्सिजनचा आकडा १४१, गंधकाचा २००. त्याखाली सेलेनियम १९५, टेलुरियम १९०. वर इंदिरानगरच्या मुलीला जे सांगितलं तेच इथे, फक्त जास्त ठळक, बघा ना, फ्लोरिन क्लोरिनपेक्षा २१ नेच मागे होता, ऑक्सिजन गंधकापेक्षा तब्बल ५९ ने मागे आहे. घडाचं उदाहरण तुम्हाला तर माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

अजून एक, मुलाला नक्की सांगा. ऑक्सिजन पहिला इलेक्ट्रॉन घेताना १४१ किलोज्यूल देतो, पण दुसरा इलेक्ट्रॉन त्याच्यात घालायचा तर आपल्यालाच साधारण ७८० किलोज्यूल घालावे लागतात, कारण आता तो स्वतःच ऋण झालेला असतो आणि येणाराही ऋणच. मग कळीच्या चुन्यात ऑक्साइड आयन (दोन जादा इलेक्ट्रॉन घेतलेला ऑक्सिजन) असतो तो कुठून आला? तर शेजारी दोन धनभार असलेला कॅल्शियम आयन असतो आणि दोघं एकमेकांना धरून स्फटिक बांधतात, त्या बांधणीतून एवढी ऊर्जा सुटते की सगळा खर्च भरून निघतो. एकटा, हवेत तरंगणारा दुहेरी ऋण ऑक्सिजन टिकत नाही.

प्रश्न : एका पुस्तकात −३४९ आहे, दुसऱ्यात ३४९. कोणतं बरोबर? (बारावी, सिडको)

उत्तर : दोन्ही. इलेक्ट्रॉन ॲफिनिटी म्हटलं की बाहेर पडलेली ऊर्जा मोजतात म्हणून ती धन लिहितात. इलेक्ट्रॉन गेन एन्थाल्पी म्हटलं की अणूच्या बाजूने हिशोब, ऊर्जा गेली म्हणून ऋण. सीईटीत "मोस्ट निगेटिव्ह" असं विचारलं तर घाईत उलटं होतं, −३४९ हा −३२८ पेक्षा संख्या म्हणून लहान आहे पण जास्त ऋण तोच आहे. प्रश्नात कोणता शब्द वापरलाय त्याखाली पेन्सिलने रेघ मार, मग पर्याय बघ.

प्रश्न : नाशिकरोडला मी घरीच अकरावी-बारावीच्या ट्यूशन घेते. फ्लोरिन-क्लोरिन आणि ऑक्सिजन-गंधक सोडले तर बाकी ग्रुपमधे "वरून खाली कमी" असं बिनधास्त शिकवलं तर चालेल का?

उत्तर : ताई, बिनधास्त नका शिकवू. मीसुद्धा सुरुवातीची काही वर्षं फळ्यावर एक खाली जाणारा बाण काढून पुढे जायचे, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण मुलांनी तो बाण तसाच वहीत उतरवून घेतला.

तो बाण सगळ्यात चांगला बसतो पहिल्या ग्रुपला. लिथियम ६०, सोडियम ५३, पोटॅशियम ४८, रुबिडियम ४७, सीझियम ४५ आणि थोडं वर. सरळ उतरण आहे. पण बघा, फरक किती कमी कमी होत जातो, सात, मग चार-पाच, मग दीड, मग परत दीड. इथे लिथियमला फ्लोरिनसारखा फटका का बसत नाही, तर त्याच्या बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन आहे, दुसरा येऊन बसला तरी गर्दी कसली. हे मुलांना विचारा, स्वतः सांगू नका, त्यातलं एक तरी पोरगं बरोबर सांगतं आणि मग सगळा वर्ग जागा होतो.

आता शेजारचा दुसरा ग्रुप घ्या. बेरिलियम आणि मॅग्नेशियम जादा इलेक्ट्रॉन धरूनच ठेवत नाहीत. कवचात इलेक्ट्रॉनच्या दोन-दोन जणांच्या खोल्या असतात, त्यांना ऑर्बिटल म्हणतात, आणि एस, पी, डी, एफ हे त्यांचे प्रकार. यांचं एस ऑर्बिटल भरलेलं, नव्याला वरच्या पी मधे जावं लागतं. कॅल्शियम कसाबसा धरतो, २ किलोज्यूल. स्ट्रॉन्शियम ५. बेरियम १४. म्हणजे खाली जाताना वाढतंय! बाण उलटा. पंधराव्या ग्रुपमधेही तसंच, नायट्रोजनचा ऋण आयन टिकत नाही कारण त्याच्या तीन पी ऑर्बिटलमधे एकेक इलेक्ट्रॉन नीट बसलेला असतो आणि चौथा आला की कोणाच्या तरी जागेत दाटी करावी लागते, आणि अणूही एवढासा. फॉस्फरस ७२, आर्सेनिक ७८, अँटिमनी १०१, आणि बिस्मथला परत उतरून ९१. चौदाव्यात कार्बन १२२, सिलिकॉन १३४, जर्मेनियम ११९, टिन १०७ आणि शिसं एकदम ३४.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर बाण काढलाच नसता. फळ्यावर एक प्रश्न लिहिला असता, "नवा इलेक्ट्रॉन नेमका कुठे बसणार?" कोणत्या कवचात, भरलेल्या ऑर्बिटलशेजारी की रिकाम्या, आणि तिथे आधी कितीजण आहेत. आकड्यांची ही एवढीशी यादी सोबत द्या आणि मुलांना भांडू द्या. तास जास्त जाईल. जाऊ द्या.

प्रश्न : एवढं बारीक मोजतात कसं? (जेलरोडचे एक आजोबा)

उत्तर : आजोबा, उलट्या बाजूने. आधी ऋण आयन तयार करतात, त्यांचा झोत सोडतात आणि त्यावर लेसरचा प्रकाश टाकतात. प्रकाशाची ऊर्जा हळूहळू वाढवत नेतात. एका ठिकाणापर्यंत काहीच होत नाही, आणि मग अचानक जादा इलेक्ट्रॉन सुटायला लागतात. तो उंबरठा म्हणजेच ॲफिनिटी. क्लोरिनसाठी हा उंबरठा ३.६१ इलेक्ट्रॉन व्होल्टवर (ऊर्जेचं एक बारीक एकक) आहे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश लागतो. हॅलोजनमधला, म्हणजे फ्लोरिन-क्लोरिनच्याच ग्रुपमधला, ॲस्टॅटिन राहिला होता, तो इतका दुर्मिळ आणि किरणोत्सारी की त्याचा सगळ्यात टिकाऊ प्रकारही आठ तासांत निम्मा होतो. त्याचं मोजमाप जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत झालं आणि २०२० मधे प्रसिद्ध झालं, २.४१६ इलेक्ट्रॉन व्होल्ट, आपल्या हिशोबात २३३ किलोज्यूल. आयोडिनच्या २९५ च्या खाली, म्हणजे उतरण तिथेही चालूच आहे. ॲस्टॅटिनचा एक प्रकार कॅन्सरच्या उपचारासाठी अभ्यासला जातोय, त्यामुळे तो रेणूत कसा बांधला जातो हे कळायला हा आकडा हवाच होता.

प्रश्न : सराफ बाजारात आमचं पिढ्यानपिढ्यांचं काम आहे, मी स्वतः केमिस्ट्री घेऊन शिकलोय. तांबं, चांदी, सोनं एकाच ग्रुपमधे आहेत. सोनं तर कोणाशी लवकर रिॲक्ट होत नाही, मग त्याची ॲफिनिटी सगळ्यात कमी असणार ना?

उत्तर : दादा, तुमच्या प्रश्नाने मला खूप आनंद झाला, कारण हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. तांबं ११९, चांदी १२६, आणि सोनं २२३. गंधकापेक्षाही जास्त! धातू असून.

सोन्याच्या केंद्रकात ७९ प्रोटॉन आहेत. त्या ओढीमुळे सगळ्यात आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून जास्त वेगाने फिरतात, आणि एवढ्या वेगात आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचा परिणाम धरावाच लागतो, तो धरला की एस ऑर्बिटल आत आकसतात. अगदी बाहेरचं सहावं एससुद्धा. त्यात भर म्हणजे चौदा एफ इलेक्ट्रॉन मधे असूनही ते केंद्रकाची ओढ नीट अडवत नाहीत. सोन्याच्या त्या सहाव्या एसमधे एकच इलेक्ट्रॉन असतो, आणखी एका इलेक्ट्रॉनची जागा रिकामी, आणि ती जागा आत सरकलेली, केंद्रकाच्या जवळ. नवा इलेक्ट्रॉन तिथे आरामात बसतो.

आणि हे नुसतं कागदावर नाही. सोनं आणि सीझियम एकत्र आणले तर सीझियम आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि सोनं ऋण आयन होऊन बसतं, मिठात क्लोराइड बसतो तसं. सीझियम ऑराइड म्हणतात त्याला, त्यात धातूची चमक राहत नाही आणि पाणी लागलं की ते मोडून परत सोनं मिळतं. तुमच्या भट्टीवर हे कधी होणार नाही, सीझियम हवेतसुद्धा पेट घेतो.

पण याच कारणाचा एक परिणाम तुम्ही रोज हातात धरता. सहावं एस आत सरकल्यामुळे त्याच्यातलं आणि पाचव्या डी मधलं अंतर कमी झालं, इतकं की निळा प्रकाश तिथे शोषला जातो आणि आपल्याकडे परत येतो तो पिवळा. चांदीत ते अंतर मोठं असतं, तिथे अतिनील प्रकाश लागतो, म्हणून दिसणारे सगळे रंग परत येतात आणि ती पांढरी दिसते. उद्या दुकान उघडल्यावर एक तोळ्याचं वेढणं आणि एक चांदीचं जोडवं शेजारी ठेवून बघा.